'घरी सांगू नकोस'

संध्याकाळी बाबांचा मोबाइल मुलाच्या हातात येतो. गेममधल्या चॅटवर कुणी 'दादा' त्याला फुकट डायमंड देऊ करतो, मग शाळेचं नाव विचारतो, मग म्हणतो, "घरी सांगू नकोस हं." धोक्याची खूण इथेच आहे. फोटो मागितला जातो तो पुढे, आणि एकदा गेला की त्याच फोटोवरून धमक्या सुरू होतात.

अशा वेळी पुष्कळ घरांत आधी मोबाइल काढून घेतला जातो. मला ही मोठी चूक वाटते. मोबाइल जाईल या भीतीनंच मुलं गप्प बसतात. आधी पोराला जवळ घ्या, तुझी चूक नाही म्हणून सांगा. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, समोरच्याचा आयडी टिपून ठेवा, मगच ब्लॉक करा. पैसे मात्र अजिबात देऊ नका.

१०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते; मूल स्वतःही फोन लावू शकतं. लैंगिक हेतूनं ऑनलाइन मुलाच्या सतत मागे लागणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं शिक्षकांवरही बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून तो दाबून ठेवता येत नाही.