चरबीच्या पडद्याआडची गाठ

सीटी स्कॅनमधल्या प्रत्येक करड्या ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले.

या पट्टीवर निरोगी यकृत साठच्या आसपास भरते, प्लीहा पन्नासच्या. यकृताच्या पेशींत चरबी साठू लागली की त्याचा आकडा घसरतो. चाळिसाच्या खाली गेला की चरबी बरीच झाली. ती फारच वाढली तर साध्या स्कॅनमध्ये एक विलक्षण उलटापालट दिसते. एरवी यकृतात काळसर दिसणाऱ्या रक्तवाहिन्या उजळ होतात. रक्त होते तसेच असते, काळवंडलेले असते ते भोवतालचे यकृत.

गाठीचेही तेच. निरोगी यकृतात काळसर डाग म्हणून उठून दिसणारी गाठ चरबी साठलेल्या यकृतात दिसेनाशी होते. राखाडी घोंगडीवर राख सांडली तर ती दिसणार कशी? चरबी आणखी वाढली तर तीच गाठ उजळ भासते. चकवा उलटाही बसतो. पित्ताशयालगत बऱ्याचदा चरबी न साठलेला एखादा तुकडा उरतो आणि गाठीसारखा चमकतो. तिथे पित्ताशयाच्या बारीक शिरांचे रक्त थेट येते, आतड्याकडून येणारे कमी पडते, हे त्याचे एक कारण. अशा वेळी रेडिओलॉजिस्ट रक्तवाहिन्या बघतात. निरुपद्रवी तुकड्यातून त्या सरळ जातात, गाठ त्यांना बहुधा बाजूला ढकलते.

मला सर्वांत थक्क करते ते पुढचे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, उरलेले रोहिणीतून. यकृतातच उपजणारा कर्करोग मात्र मुख्यतः रोहिणीवर पोसतो. म्हणून शिरेत कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारे द्रव्य, टोचल्यावर साधारण ३५ सेकंदांनी ती गाठ उजळते; सत्तराव्या सेकंदाच्या सुमारास यकृत उजळते आणि गाठ फिकी पडू लागते. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कडेकडून आत सावकाश भरत जाते. कुठली गाठ रक्त कुठून घेते, हे घड्याळ लावून कळते!

पण चरबीने मुळातच काळवंडलेले यकृत कॉन्ट्रास्टनंतरही पुरेसे उजळत नाही, आणि गाठ फिकी पडली की नाही हे ठरवणे अवघड जाते. मग एमआरआय. चरबीतल्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनची कंपने किंचित वेगळ्या गतीने होतात. ती जुळलेली असताना एक चित्र आणि विरुद्ध असताना दुसरे घेतले, तर पाणी व चरबी मिसळलेला भाग दुसऱ्या चित्रात काळा पडतो. १.५ टेस्लाच्या यंत्रात या दोन क्षणांमध्ये अंतर असते अवघे २.३ मिलिसेकंद. काही कर्करोगांतही चरबी असते, त्यामुळे तिथेही कॉन्ट्रास्टचे घड्याळ जोडीला लागतेच.