घरचा मीडिया सर्व्हर घेताय? आधी डिस्क मरणार हे धरून चला

मी स्टोरेजवर पीएचडी करतेय हे कळलं की नातेवाईक हमखास विचारतात, "फोटो आणि सिनेमे ठेवायला घरी कुठला बॉक्स घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो: "उद्या सकाळी डिस्क बंद पडली तर तुमचं काय काय जाईल?"

हा प्रश्न मी स्वतःला उशिराच विचारला. आजोबांच्या कीर्तनांच्या ११ कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या, एका डिस्कवर ठेवल्या आणि घर बदलताना मूळ कॅसेटी टाकून दिल्या. वर्षभरात डिस्क गेली. तीन कीर्तनं वाचली, कारण ती मामाने पेनड्राइव्हवर मागून नेली होती.

माझं नशीब वाईट होतं का? तसं नाही. डिस्कच्या माहितीपत्रकात १० ते १५ लाख तास असा आकडा असतो. त्या हिशोबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको. २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं नेहमीचंच निघालं, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या नोंदीत धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे डिस्क सांगून जाईलच असं नाही.

"मग दोन डिस्कचा नॅस घेऊन रेड लावलं की झालं ना?" नाही. रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीत मांडली गेली, ती एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून. आरसा-पद्धतीत दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. तुम्ही चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्हीकडून उडतो. चोरी झाली, वीज कडाडून बॉक्स जळाला, तरी दोन्ही एकत्रच जातात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

हे डोक्यात ठेवून आता खरेदीकडे या.

मशीन: टीव्हीला फाइलचा फॉरमॅट कळत असेल तर सर्व्हरला फक्त फाइल पाठवायची असते, त्याला साधा प्रोसेसरही पुरतो. कळत नसेल तर सर्व्हरला व्हिडिओ चालता चालता बदलून द्यावा लागतो. त्यासाठी इंटेल एन१०० सारखा, व्हिडिओचं हार्डवेअर आत असलेला मिनी पीसी घ्या. रास्पबेरी पाय तिथे दमतो.

वीज: सर्व्हर चोवीस तास चालतो. सतत १० वॅट म्हणजे वर्षाला साधारण ८८ युनिट. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप ५० वॅट खात असेल तर ४३८ युनिट, म्हणजे फुकटचा पीसी फुकट राहत नाही. शिवाय लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल खराब होऊ शकते, म्हणून छोटा यूपीएस हवाच.

डिस्क: सीएमआर आहे का, हे विचारून घ्या. एसएमआर डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची कौलंही उचलावी लागतात. म्हणून रेडमध्ये नवी डिस्क भरताना ती फार वेळ घेते. बॅकअपसाठी मात्र चालेल.

आणि पैसे दोनच डिस्कचे असतील तर? दोन्ही एका बॉक्समध्ये घालू नका. एक सर्व्हरला लावा, दुसरीवर कॉपी करून ती दुसऱ्या घरी ठेवा. महिन्याला ती आणून नवीन फाइल भरा, आणि त्यातली एखादी उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपचा काही भरवसा नसतो.

माझी दुसरी डिस्क आता मामाकडे असते. आठ कीर्तनं काही परत येणार नाहीत.