आकडा, रेणू आणि रुग्णसेवा

इस्पितळात कोणाची विचारपूस करायला आपण जातो, तेव्हा परिचारिका येते, रोग्याची नाडी पाहते, ताप पाहते आणि कागदावर दोन आकडे टिपून पुढच्या खाटेकडे वळते. आपल्याला वाटते, हा रोजचा एक रिवाज. पण त्या दोन आकड्यांचे घराणे मोठे आहे, बरं का! त्यांचे नाते एकीकडे आकाशातल्या ताऱ्यांशी, तर दुसरीकडे हवेतल्या रेणूंशी पोचते. ते पाहायचे तर १८६० हे साल डोळ्यांपुढे ठेवावे.

आरंभ ताऱ्यांपासून करू. एकाच ताऱ्याचे स्थान शंभरदा मोजा; प्रत्येक वेळी उत्तर थोडे थोडे वेगळे येते. मात्र ही चूकसुद्धा वाटेल तशी होत नाही. बरीच उत्तरे मधल्या आकड्याभोवती गोळा होतात, आणि दूर जावे तशी ती विरळ होतात. लाप्लास आणि गाउस या गणितज्ञांनी या चुकांचा नियम बसवला. पुढे अदोल्फ केतले या बेल्जियन ज्योतिर्विदाच्या मनात आले की, हेच गणित माणसांना लावले तर? पाच हजारांहून अधिक स्कॉटिश शिपायांच्या छातीची मापे त्याने तपासली, तो काय, तोच नियम! जन्म, मृत्यू, गुन्हे यांचेही आकडे वर्षानुवर्षे ठरावीक चालीने येतात, असे त्याला दिसले. या विद्येला त्याने नावच दिले ‘सामाजिक पदार्थविज्ञान’.

केतलेच्या कामावर जॉन हर्शेल याने १८५० साली एक निबंध लिहिला. हर्शेलचे निबंध जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण स्कॉटिश पदार्थवैज्ञानिकाच्या वाचनात आले होते. मॅक्सवेलपुढे कोडे वायूचे होते. आपल्या खोलीतल्या हवेत अगणित रेणू सैरावैरा धावत असतात. एकेकाचा माग काढणार कसा? मॅक्सवेल म्हणाला, एकेकाचा माग नकोच. अमुक वेगाचे किती, तमुक वेगाचे किती, एवढे सांगता आले म्हणजे पुरे. आणि त्यासाठी त्याने तोच चुकांचा नियम वापरला. हा निबंध छापून आला १८६० साली.

त्याच वर्षी, जुलै महिन्यात, लंडनला संख्याशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. केतले तिथे आला होता. त्याला भेटायला उत्सुक असलेल्या एक बाई म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

‘हाती दिवा घेतलेली देवी’ ही त्यांची ओळख आपल्याला शाळेतच होते. हातातल्या वहीची ओळख मात्र कोणी करून देत नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे मृत्यूची नोंद तीन ठिकाणी होई आणि तिन्हींचा मेळ बसत नसे! किती मेले हेच ठाऊक नाही, तर का मेले हे कोण सांगणार? १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्चमध्ये सरकारी आरोग्यमंडळ आले. त्याने तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा यांची सोय लावली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास उतरले.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने बाईंनी सगळे आकडे पुन्हा मांडले. शत्रूच्या गोळीपेक्षा हगवण, पटकी आणि ताप यांनीच कितीतरी अधिक शिपाई नेले होते, आणि ते टाळता येण्याजोगे होते. ज्या इस्पितळात त्या स्वतः रात्रंदिवस राबल्या, ते इस्पितळच माणसे मारत होते. हे कबूल करायला धैर्य लागते. बाईंनी ते झाकले नाही. रंगीत चक्राकार आकृती काढून १८५८ साली अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

रेणूंच्या वेगांची वाटणी तापमानावर ठरते. तापमान बदलले की वाटणी बदलते. मृत्यूच्या आकड्याचेही तसेच. तो गटार, पाणी, हवा यांवर ठरतो. कारण बदला, आकडा बदलेल. पण त्यासाठी आकडा आधी खरा हवा ना? म्हणून सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, अशी योजना बाईंनी त्या परिषदेपुढे मांडली. आणि त्याच वर्षी, १८६० मध्येच, लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या विद्यार्थिनी १५, शिक्षण एक वर्षाचे. रोगी ‘बरा आहे’ एवढे सांगून भागत नाही. झोप किती तास लागली, अन्न किती पोटात गेले, हे पाहून सांगता आले पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता.

या आग्रहाचा लाभ आपल्या देशालाही झाला. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण मुंबई इलाख्यासकट सर्व लष्करी ठाण्यांकडून त्यांनी छापील प्रश्नपत्रके भरून घेतली. इथल्या गोऱ्या फौजेत दरसाल हजारी ६९ मृत्यू होतात, हे १८६३ च्या अहवालाने उघड केले, आणि मग कुठे छावण्यांतल्या पाण्याकडे व सांडपाण्याकडे लक्ष गेले.

मोठमोठ्या संशोधनाची सुरुवात अशी खाटेजवळ होते. तिथला आकडा अंदाजाने लिहिला गेला, तर पुढचे सारे गणित वाया! तेव्हा पुढच्या खेपेस परिचारिका काही टिपून घेत असली, तर तिला मध्येच हाक मारू नका. तिचा आकडा तिला नीट लिहू द्या.