गुन्हा, पुरावा आणि व्यवसायाची निवड



शालान्त परीक्षेचा निकाल लागला की 'पुढे काय?' हा प्रश्न घरोघर उभा राहतो. वैद्यकी, अभियांत्रिकी, शिक्षकी, बँकेतील नोकरी ही त्याची ठरलेली उत्तरे. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. गुन्हेशोधाच्या मालिका पाहून आठवी-नववीतील मुलेमुलीही 'मी फॉरेन्सिकला जाणार' असे सांगू लागली आहेत. ही इच्छा उत्तमच आहे. मात्र ज्या चित्रावरून ती जन्मास आली ते चित्र खरे नाही. मालिकेतील नायक स्वतःच घटनास्थळी जातो, स्वतःच रक्ताचा डाग तपासतो, स्वतःच संशयितास दरडावतो आणि घटकाभरात खऱ्या गुन्हेगाराच्या हातांत बेड्या घालतो. प्रत्यक्षात ही निरनिराळ्या माणसांची कामे आहेत. त्यांचे शिक्षण निराळे, भरतीची रीत निराळी, आणि त्यांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करू नये अशीच न्यायाची अपेक्षा असते. यांपैकी कोणते काम कशाचे असते आणि त्यासाठी कोणती तयारी लागते, हे थोडक्यात सांगण्याचा येथे विचार आहे.

न्यायाच्या कामी शास्त्राचे साहाय्य घेण्याची कल्पना आपल्याकडे पुरातन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' नामक चौथ्या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' असा एक अध्याय आहे. अकस्मात मेलेल्या मनुष्याच्या देहास तेल लावून तो तपासावा, आणि अंगावरील खुणांवरून मृत्यू गळा दाबल्याने आला, बुडून आला की विषाने आला हे ठरवावे, असे त्यात सांगितले आहे. अर्वाचीन काळातील एक मोठे पाऊलही याच भूमीवर पडले. बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झाली. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धती पुढे एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांच्या गणिती बुद्धीचा मोठा वाटा होता.

त्याच सुमाराची एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंगालमधील जलपायगुडी भागात चहाच्या मळ्याच्या एका व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याच्या पेटीतील पैसे नाहीसे झाले. तेथे सापडलेल्या एका बंगाली दिनदर्शिकेवर बोटांचे पुसट डाग होते. पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी त्यांतील एक ठसा जुळला. १८९८ साली खटला चालला. न्यायालयाने त्या नोकरास चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. ठसा इतकेच सांगत होता की, या मनुष्याचा हात त्या वस्तूस लागला. सुरी कोणी चालविली, हे तो सांगत नव्हता. पुरावा जितके बोलतो तितकेच ऐकावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हा या शास्त्राचा पहिला पाठ त्या न्यायालयाने आरंभीच घालून दिला.

दुसरी हकीकत इंग्लंडातील लेस्टर परगण्याची आहे. १९८३ आणि १९८६ साली तेथे दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एका गुन्ह्याची कबुली दिली, आणि लोकांना वाटले की प्रकरण मिटले. लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धती शोधून काढली होती. तिच्या आधारे तपासणी केली तेव्हा दोन निष्कर्ष निघाले : दोन्ही गुन्हे एकाच मनुष्याचे आहेत, आणि तो मनुष्य हा मुलगा नव्हे. मुलगा सुटला. पुढे आसपासच्या पाच हजारांवर पुरुषांचे नमुने घेण्यात आले. खरा अपराधी कॉलिन पिचफोर्क १९८७ मध्ये पकडला गेला व १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. खुनाच्या तपासात डीएनए परीक्षेचा हा पहिलाच उपयोग. आणि अपराधी सापडण्यापूर्वी तिने एका निरपराध्यास वाचविले. आपल्या देशात हैदराबादच्या कोशिकीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी १९८८ साली या कामासाठी स्वदेशी साधन सिद्ध केले. त्याचे मूळ पट्टेरी मण्यार या सर्पाच्या डीएनएवरील त्यांच्या संशोधनात होते.

या दोन हकीकतींवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने 'मी गुन्हेगारास पकडीन' एवढाच संकल्प करून चालत नाही. 'जे खरे असेल तेच मी सांगेन. मग त्याने आरोपी अडकला तरी, आणि सुटला तरी', एवढी मनाची तयारी ज्याची असेल त्यानेच ही वाट धरावी. एका चुकीच्या अहवालाने एखाद्याचे आयुष्य कारागृहात जाऊ शकते, आणि एका निष्काळजी पंचनाम्याने खरा अपराधी उजळ माथ्याने फिरू शकतो.

आता या वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट पोलीस अधिकाऱ्याची. उपनिरीक्षकाच्या पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि ठराविक शारीरिक पात्रता लागते. भारतीय पोलीस सेवेसाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. या कामात धाडसाहून चिकाटीचे मोल अधिक असते. आपल्या गोव्यातीलच उदाहरण घ्या. तिहार कारागृहातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला एप्रिल १९८६ मध्ये पर्वरी येथील एका उपाहारगृहात मुंबईचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी पकडले. १९७१ साली त्यांनी त्याला मुंबईत एकदा अटक केलेली होती, म्हणून तो चेहरा त्यांना ओळखता आला. त्या धरपकडीस प्रयोगशाळेची गरज लागली नाही. लागली ती स्मरणशक्ती, चौकशी आणि वाट पाहण्याची तयारी.

दुसरी वाट प्रयोगशाळेतील वैज्ञानिकाची. हिलाच आपण न्यायसहायक विज्ञान म्हणतो. विषे व मादक द्रव्ये, रक्त व इतर जैविक नमुने, डीएनए, बंदुका व गोळ्या, हस्ताक्षरे व बनावट दस्तऐवज, संगणक व भ्रमणध्वनी असे तिचे निरनिराळे विभाग असतात. मोहोरबंद मुद्देमाल हाती आला की प्रथम मोहोर शाबूत आहे काय ते पाहावयाचे, नोंद करावयाची, तपासणी करावयाची, अहवाल लिहावयाचा आणि बोलावणे येईल तेव्हा न्यायालयात जाऊन उलटतपासणीस तोंड द्यावयाचे, असा हा क्रम आहे. वैज्ञानिक कोणास अटक करीत नाही आणि कोणाचा जबाबही घेत नाही.

तिसरी वाट न्यायवैद्यकाची. शवविच्छेदन करणारा हा डॉक्टर असतो; एम.बी.बी.एस. झाल्यावर न्यायवैद्यक शास्त्रात एम.डी. करून तो तज्ज्ञ होतो. न्यायसहायक विज्ञानाची पदवी घेतल्याने शवविच्छेदन करता येते, असा जो समज पुष्कळ घरांत आढळतो तो चुकीचा आहे.

चौथी वाट कायद्याची. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून वकील होता येते. जिल्हा न्यायालयातील सरकारी वकिलाच्या नेमणुकीस किमान सात वर्षांची वकिली लागते. दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली पुन्हा लागू केली. आरोपीचा बचाव करणारा वकील म्हणजे गुन्हेगाराचा साथीदार, असे काहींना वाटते. परंतु आपल्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे, आणि ज्याला वकील देण्याची ऐपत नाही त्याच्यासाठी १९८७ च्या कायद्याने विनामूल्य विधिसाहाय्याची सोय केली आहे. लेस्टरच्या त्या मुलाची आठवण ठेवली म्हणजे या हक्काचे मोल कळते.

पाचवी वाट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. ती परिवीक्षा अधिकाऱ्याची आणि कारागृहातील सुधारकार्याची. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये योग्य प्रसंगी अपराध्यास तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. एकवीस वर्षांखालील अपराध्याच्या बाबतीत, जन्मठेपेस पात्र असा गुन्हा नसेल, तर न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविते. हा अधिकारी त्या मुलाच्या घरी जातो, शेजारीपाजारी विचारपूस करतो आणि त्याला वाट सापडेल काय याचा अंदाज घेतो. समाजकार्य, मानसशास्त्र वा समाजशास्त्र शिकलेल्यांना या कामात वाव आहे.

या पाच वाटांपैकी दोन वाटांचा निर्णय महाविद्यालयानंतर घ्यावा म्हटले तर उशीर झालेला असतो. प्रयोगशाळा आणि न्यायवैद्यक यांसाठी दहावीनंतर विज्ञान शाखाच घ्यावी लागते. न्यायवैद्यकास जीवशास्त्राशिवाय गत्यंतर नाही. पोलीस, कायदा आणि परिवीक्षा या वाटा मात्र कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. दहावीच्या वर्गातील मुलांनी व त्यांच्या पालकांनी एवढी एकच गोष्ट या लेखातून घेतली तरी पुरे.

शिक्षणाची सोय आता दूर राहिलेली नाही. संसदेच्या २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्य केंद्र गांधीनगरास असून एक शाखा आपल्या फोंडा तालुक्यात कुर्टी येथे आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यार्थ्यांस सागरचे विश्वविद्यालय जवळ पडेल. तेथे गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ पासून चालू आहे. तथापि केवळ नाव पाहून प्रवेश घेऊ नये. भरमसाट शुल्क घेऊन आकर्षक नावाची प्रमाणपत्रे देणारी दुकानेही निघाली आहेत. अभ्यासक्रमास विद्यापीठाची व शासनाची मान्यता आहे काय, प्रयोगशाळा प्रत्यक्षात आहे काय, आणि तेथून बाहेर पडलेली मुले आज काय करीत आहेत, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी. अनेक सरकारी प्रयोगशाळांच्या भरतीत रसायन, भौतिक वा जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीही चालते. यास्तव ज्याला खात्री वाटत नसेल त्याने साध्या रसायनशास्त्रात उत्तम पदवी मिळविली तर त्याचे काही बिघडत नाही. ही वाट उघडी राहते आणि इतरही चार वाटा उघड्या राहतात.

सरकारी जागा मोजक्या असतात आणि भरती हप्त्याहप्त्याने होते, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. तरी मागणी वाढण्याचे एक मोठे कारण घडले आहे. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे अमलात आले. त्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमान्वये, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे आणि त्या कामाचे चलचित्रणही करावयाचे आहे. ही व्यवस्था लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. आज नववी-दहावीत असलेली मुले पदवीधर होतील तेव्हा या तरतुदीचा परिणाम दिसू लागलेला असेल.

शेवटी मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी एक शब्द. इंग्रजी कच्चे म्हणून ही क्षेत्रे आपली नव्हेत, असे समजून कित्येक गुणी मुले मागे राहतात. उच्च न्यायालयाचे कामकाज आणि विज्ञानाचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, म्हणून ती भाषा नेटाने शिकलीच पाहिजे. परंतु साक्षीदार इंग्रजीत बोलत नाही. पेडण्याची वृद्धा कोकणीत सांगेल, बेळगावचा शेतकरी मराठीत किंवा कानडीत सांगेल. आणि 'ढकलले' व 'धक्का लागला' यांतील अंतर ज्याला कळते तोच तो जबाब नीट लिहून घेऊ शकतो. एका क्रियापदाच्या फेराने अपघाताचा गुन्हा होतो. देवनागरीतील बनावट सही ओळखणाऱ्यासही त्या लिपीचे वळण आधी हातात असावे लागते. आपली भाषा अचूक वापरण्याची जी सवय तुम्हांस या शाळेत लागते, ती या कामी येणारी शिदोरी आहे.

तेव्हा निवड करताना प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. एकच मोजमाप तीनदा घेण्याचा मला कंटाळा येतो काय? दुःखी माणसांत व अप्रिय दृश्यांत माझे चित्त स्थिर राहील काय? भर न्यायालयात कोणी माझ्या ज्ञानावर शंका घेतली तर न चिडता उत्तर देता येईल काय? आणि वरिष्ठांना वा लोकांना आवडणार नाही असा निष्कर्ष निघाला, तर तो तसाच लिहिण्याचे धैर्य माझ्यापाशी आहे काय? यांची उत्तरे शोधण्यास महाविद्यालयाची वाट पाहावी लागत नाही. शाळेच्या प्रयोगवहीत जो आकडा आला तोच लिहिणारा, शेजाऱ्याच्या वहीतला 'बरोबर' आकडा न उतरविणारा विद्यार्थी या वाटेवर आजच चालू लागला आहे.