पान्यावरचा हात, सिनेटची वाट
लेखमाला : मतपेटीच्या अलीकडे – भाग 7

साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये कधी गेला असाल तर वाफेच्या पाइपांचं जाळं पाहिलं असेल. दोन पाइप जिथे जोडतात तिथे फ्लँज असते आणि मधे गॅस्केट. फिटर तिचे बोल्ट ओळीने आवळत नाही. एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग आडवे दोन. तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. एका बाजूने घाई केली तर गॅस्केट तिरकी बसते आणि लाइन चालू झाली की तिथूनच वाफ मारते. जोरात सुटणारी वाफ भोकाच्या तोंडाशी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक.

अमेरिकेत या कारागिराला स्टीमफिटर म्हणतात. 2024 मध्ये असा एक स्टीमफिटर थेट सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, निवडणुकीला उभा राहिला.

डॅन ऑसबर्न नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाचे. आधी नौदलात होते, नंतर केलॉग्जच्या सीरियल बनवणाऱ्या कारखान्यात मेकॅनिक. 5 ऑक्टोबर 2021 रोजी या कंपनीच्या चार कारखान्यांतले सुमारे 1,400 कामगार संपावर गेले, तेव्हा ओमाहाच्या युनियनचे अध्यक्ष ऑसबर्न होते. वाद अनेक होते, पण मुळाशी एक गोष्ट होती : तेच यंत्र, तेच काम, आणि जुन्या-नव्या कामगारांना वेगळा पगार, वेगळ्या सवलती. आपल्याकडे कायम आणि कंत्राटी म्हणून ज्यांनी शेजारी शेजारी पाळ्या केल्या आहेत, त्यांना हे उलगडून सांगायला नको. संप 77 दिवसांनी मिटला. 2023 मध्ये ऑसबर्न यांची नोकरी गेली. पंचेचाळिशी उलटलेल्या या माणसाने मग स्टीमफिटरच्या कामावर शिकाऊ म्हणून सुरुवात केली आणि त्याच वर्षी सिनेटसाठी अपक्ष उभं राहायचं जाहीर केलं. राज्याबाहेर त्यांना तेव्हा कोणी ओळखत नव्हतं.

अपक्षाचा अर्ज भरणं तिथे किती अवघड आहे? आपल्याकडे लोकसभेच्या अपक्ष उमेदवाराला 10 प्रस्तावक आणि 25,000 रुपये अनामत लागते. नेब्रास्कात 4,000 नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात, आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, राज्यातल्या तीनही मतदारसंघांतून प्रत्येकी किमान 750. म्हणजे सगळ्या सह्या ओमाहातच गोळा करून भागत नाही, पश्चिमेकडच्या विरळ वस्तीच्या शेतीपट्ट्यातही फिरावं लागतं. समोर होत्या रिपब्लिकन पक्षाच्या डेब फिशर, 2013 पासून सिनेटर. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नाही, आणि ऑसबर्न यांनी कोणत्याही पक्षाचा पाठिंबा नको म्हणून सांगितलं.

त्यांच्या मागण्यांपैकी एक मला फार मोलाची वाटते : दुरुस्तीचा हक्क. आजच्या ट्रॅक्टर-हार्वेस्टरमध्ये संगणक असतो आणि त्याच्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीकडे. ऐन सुगीत यंत्र बंद पडलं, बिघाड चिमूटभर असला, गावातल्या मेकॅनिकला तो कळलाही, तरी अधिकृत डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पीक शेतात उभं. आयुष्यभर पान्याने बिघडलेलं सरळ केलेल्या माणसाला हा प्रश्न अहवालातून समजावून द्यावा लागत नाही. संसदेत कारागीर असावेत ते सहानुभूतीपोटी नव्हे, या माहितीपोटी.

मग ते का नसतात? ड्यूक विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ निकोलस कार्न्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. अमेरिकेतले निम्म्याहून अधिक नोकरदार अंगमेहनतीची, सेवेची, कारकुनीची कामं करतात. काँग्रेसच्या सदस्यांनी मात्र निवडून येण्यापूर्वीच्या कामकाजी आयुष्यातला सरासरी 2 टक्क्यांहून कमी काळ अशा कामांत घालवलेला असतो. मतदार अशा कामगारांना नाकारतात म्हणून असं होत नाही, असं कार्न्स सांगतात. ते उभेच राहत नाहीत. वकील वर्षभर प्रचार करतो तेव्हा त्याची फर्म चालू असते. फिटर एक पाळी चुकला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. घरभाडं, मुलांची फी, औषधं थांबत नाहीत. शिवाय पक्षाचे लोक उमेदवार शोधतात ते स्वतःच्या ओळखीत, आणि त्या ओळखीत फिटर नसतो.

यावर तिथे एक उपाय निघाला. 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार उमेदवाराला प्रचारनिधीतून स्वतःसाठी वेतन घेता येतं : काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातल्या सदस्याच्या पगाराच्या निम्मं, किंवा मागच्या पाच वर्षांतली स्वतःची सरासरी कमाई, यांपैकी जे कमी असेल ते. आपण मोठ्या राज्यांत लोकसभा उमेदवाराच्या खर्चाला 95 लाखांची मर्यादा घालतो. त्याच्या बुडणाऱ्या रोजाचं काय, हा प्रश्न मी अजून कुठल्या सभेत ऐकलेला नाही. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावाने 1984 मध्ये, काँग्रेस पक्षाच्या लाटेत, डॉ. दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. ते कामगारांचे नेते होते यात शंका नाही, पण पेशाने डॉक्टर. गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला स्वतःला दिल्लीची वाट सोपी नव्हतीच.

नोव्हेंबर 2024 चा निकाल असा लागला : फिशर सुमारे 53 टक्के, ऑसबर्न सुमारे 46.5. हरले. पण त्याच मतपत्रिकेवर, त्याच राज्यात ट्रम्प जवळपास 20 टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. म्हणजे हजारो लोकांनी वर ट्रम्प यांना आणि खाली या स्टीमफिटरला मत दिलं. एकाच मतदाराने असं दोन्हीकडे मत देणं आज अमेरिकेत किती दुर्मिळ झालंय, हे लक्षात घेतलं की या साडेसेहेचाळीस टक्क्यांचं वजन कळतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, प्रचार चालू असतानाच, ओमाहाचा तो सीरियलचा कारखाना 2026 अखेर बंद करणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. जुलै 2025 मध्ये ऑसबर्न यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली, 2026 च्या निवडणुकीसाठी. या वेळी समोर पीट रिकेट्स आहेत : राज्याचे माजी गव्हर्नर, आणि शेअर दलालीच्या एका मोठ्या कंपनीच्या संस्थापकाचे चिरंजीव.