वजन कमी, चरबी जास्त

2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शास्त्रज्ञांचा फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! भारतीयांना सडपातळ असूनही मधुमेह आणि हृदयविकार का गाठतात, हे त्या एका फोटोने दाखवून दिलं.

ही चरबी येते कुठून? 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन जेमतेम 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. गावातल्या बाळांचे स्नायू रोडावलेले होते, पण खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमट्यात धरून कॅलिपरने मोजली, तर चरबी मात्र जवळपास टिकून असलेली आढळली. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, तिच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. त्या गावांतल्या बहुसंख्य गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 कमीच होतं.

म्हणजे मधुमेह टाळायचा तर आईच्या ताटापासून, खरं तर ती किशोरवयीन असल्यापासूनच सुरुवात हवी. म्हणूनच 2012 पासून अभ्यासातल्या याच मुला-मुलींना बी-12 देऊन त्यांच्या पुढच्या अपत्यांवर काय परिणाम होतो, हे तपासण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला.