नव्या वकिलांना हिशोब शिकवताना दुकानदारानं काय शिकायचं?



नगरमध्ये दुकान सांभाळून मी रविवारी हिशोबाचा वर्ग घेतो, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षापासून या वर्गात लॉ कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलं आणि नुकतीच सनद मिळालेले ज्युनिअर वकीलही यायला लागलेत. वकिलाला जमा-नावे कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा 85,000 रुपयांचा चेक परत आला. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी त्यानं यूपीआयवर 20,000 भरले होते. मी वकिलांना ते सांगितलं नाही आणि त्यांच्या ज्युनिअरनंही माझं बँक स्टेटमेंट मागितलं नाही. नोटीस गेली पूर्ण 85,000 ची. खरं येणं होतं 65,000. केस तिथंच लंगडी पडली.

ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या एका खटल्यात नेमकं हेच सांगितलं. चेक 20 लाखांचा होता, पण त्यातले 4,09,315 रुपये आधीच मिळालेले होते. चेक वटवायला टाकला त्या दिवशी येणं चेकवरच्या रकमेइतकं नव्हतं, म्हणून कलम 138 चा गुन्हा होत नाही, असा निकाल लागला. मधे पैसे आले असतील तर तशी नोंद चेकवर करून बाकीपुरताच चेक टाकायचा, किंवा सरळ बाकीच्या रकमेचा नवा चेक घ्यायचा.

म्हणून वर्गात मी या गोष्टी घोटून घेतो.

1. जुळवणी. मुलांसमोर एक खतावणी आणि त्याच काळाचं बँक स्टेटमेंट ठेवतो. मागची बाकी 12,000, दोन बिलं 40,000 आणि 33,000. खतावणी सांगते येणं 85,000. स्टेटमेंटमध्ये 15,000 जमा दिसतात, पण वहीत नोंदच नाही. शिवाय 5,000 चा माल परत आलाय. मग खरं येणं किती? 65,000. हे गणित नोटीस लिहिण्याआधी करायचं.

2. तारखा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस मिळतात. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. साध्या उधारीच्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल तर ती माल दिल्यापासून मोजतात. मुदत संपायच्या आत गिऱ्हाइकानं "बाकी मान्य" लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात.

3. पुरावा. नुसती वही दाखवून कोर्टात देणं सिद्ध होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा जुना नियम कायम आहे. वहीच्या जोडीला बिल, माल पोचल्याची सही, बँकेची नोंद लागते.

4. 45 दिवसांचा नियम. तुम्ही एमआयडीसीत छोटं युनिट चालवता किंवा सेवा देता आणि उद्यम नोंदणी आहे, तर लेखी करार असला तरी खरेदीदारानं 45 दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी असूनही हा फायदा नाही. माझी आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांची इथं फसगत होते.

5. अशिलाचे पैसे. वकिलानं अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवायचा, मिळालेली रक्कम फीची की खर्चाची ते लिहायचं, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचाच नियम आहे. मुलांना मी सांगतो, पहिल्या अशिलापासून वेगळं पान उघडा. तुम्हीही वकिलांना पैसे देताना "हे कशाचे?" हे विचारून पावती घ्या. त्यात संकोच कसला?

आता तुमचा गृहपाठ. आज दुकान बंद केल्यावर उधारीची वही काढा. ज्याची बाकी दोन वर्षांपेक्षा जुनी आहे, अशा प्रत्येक नावापुढे खूण करा. बँक स्टेटमेंटशी जुळवा आणि या महिन्यातच त्या गिऱ्हाइकाकडून बाकी मान्य असल्याची तारखेसह सही घ्या. गिऱ्हाईक चांगलं असेल तर सही देताना रागावणार नाही. रागावलं, तर तेही आजच कळलेलं बरं.

वकिलाकडे जायची वेळ आलीच, तर सोबत तीन कागद न्या: खतावणीचा उतारा, स्टेटमेंट आणि सहीची बिलं. ज्युनिअरनं मागितले नाहीत तरी टेबलावर ठेवा. मी ठेवले असते तर माझी केस लंगडी पडली नसती.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत रोजमेळ रोजच्या रोज!